आधी क्वार्टरबॅक, शेवटी लाइन: शिकागो बेअर्सचा २०२४ चा हंगाम आणि चार मराठी घरं

प्रकरण थोडक्यात

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत राहणाऱ्या चार मराठी घरांकडे मिळून शिकागो बेअर्स या फुटबॉल संघाची दोन सीझन तिकिटं आहेत. हे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवालं. एप्रिल २०२४ मध्ये संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर केलेब विल्यम्स या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, घेतलं आणि चारही घरांत दिवाळी झाली. नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्याच गटात एकमेकांशी बोलणं टाळण्यापर्यंत मजल गेली, आणि हंगाम संपल्यावर तिकिटं सोडायची की ठेवायची यावर मतं घ्यावी लागली.

मी या गटात आहे. बाकीच्यांना विचारूनच हे लिहिते आहे. नावं गाळली आहेत, कोणाची ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. संघाबद्दलची माहिती मात्र सगळी जगजाहीर आहे. एका नवख्या खेळाडूवर चाहत्यांनी किती आणि कशाच्या जोरावर आशा ठेवावी, हा यातला खरा प्रश्न. माझ्या मते त्याचं उत्तर क्वार्टरबॅककडे पाहून मिळत नाही. ते त्याला वाचवायला त्याच्या पुढे उभ्या असलेल्या पाच जणांकडे, म्हणजे लाइनकडे, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कोचकडे पाहून मिळतं.

पार्श्वभूमी

बेअर्सने शेवटचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला तो १९८५ च्या हंगामाअखेर, जानेवारी १९८६ मध्ये. क्वार्टरबॅक होता जिम मॅकमॅहन. आमच्या गटातले काका त्याच सुमारास नोकरीसाठी शिकागोत आले. खेळाचे नियम कळायच्या आत त्यांना विजयाची मिरवणूक पाहायला मिळाली. पुढची जवळपास चाळीस वर्षं ते एकच गोष्ट सांगत आले: "आपल्याला एक धड क्वार्टरबॅक मिळू दे, मग बघा."

काकांच्या म्हणण्यात तथ्य होतंच. एका हंगामात ४,००० यार्डांचे पास टाकणारा क्वार्टरबॅक एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या इतर प्रत्येक संघाला कधी ना कधी मिळाला आहे, बेअर्सला आजवर नाही. २०२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा संघाचा उच्चांक होता एरिक क्रेमरचा ३,८३८ यार्डांचा, तोही १९९५ मधला.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २०१७ मध्ये संघाने एक जागा वर सरकण्यासाठी ड्राफ्टमधल्या आपल्या संधी खर्च करून दुसऱ्या क्रमांकावर मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. त्याच ड्राफ्टमध्ये पॅट्रिक माहोम्स दहाव्या क्रमांकावर गेला, हे शिकागोत कोणाला आठवण करून द्यावं लागत नाही. २०२१ मध्ये पुन्हा वर सरकून अकराव्या क्रमांकावर जस्टिन फील्ड्सला घेतलं.

या दोघांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी घडली आणि तिच्याकडे आमच्यापैकी कोणीही नीट पाहिलं नव्हतं. ट्रुबिस्की आला तेव्हा हेड कोच होते जॉन फॉक्स. ट्रुबिस्कीचं पहिलं वर्ष संपलं आणि ते गेले. फील्ड्स आला तेव्हा मॅट नॅगी होते. त्याचंही पहिलं वर्ष संपलं आणि नॅगी गेले. म्हणजे दोन्ही वेळा नवखा मुलगा अशा कोचच्या हाती पडला ज्याची स्वतःची खुर्ची डळमळत होती, आणि दुसऱ्या वर्षी त्याला नवी पद्धत, नव्या खुणा, नवी भाषा पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली.

ड्राफ्टची पद्धत माहीत नसलेल्यांसाठी: आयपीएलच्या लिलावात ज्याच्याकडे पैसा तो बोली लावतो, इथे उलटं आहे. आदल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याला कॉलेजच्या मुलांमधून सर्वांत आधी निवड करता येते. बेअर्सनी २०२३ मध्ये १७ पैकी ७ सामने जिंकले होते, म्हणजे पहिला क्रमांक त्यांचा नव्हताच. तो आला कॅरोलायना पँथर्सकडून. मार्च २०२३ मध्ये जनरल मॅनेजर रायन पोल्स यांनी त्या वर्षीची पहिली निवड पँथर्सना दिली आणि बदल्यात डी. जे. मूर हा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, शिवाय पँथर्सची पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली निवडही घेतली. पँथर्स २०२३ मध्ये फक्त २ सामने जिंकले आणि ती निवड थेट पहिल्या क्रमांकाची झाली. पोल्स यांच्या या व्यवहाराला मी आजही दाद देते.

अडचण

मार्च २०२४ पर्यंत आमच्या गटात दोन तट पडले होते.

एका बाजूला काका आणि हिशेब सांभाळणारे भाऊ. त्यांचं म्हणणं: विल्यम्सला घ्या. २०२२ मध्ये कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळवलेला, यूएससीसारख्या मोठ्या कॉलेजातून आलेला, धावता धावता वेडावाकडा पास नेमका टाकणारा मुलगा. असा खेळाडू पहिल्या क्रमांकावर समोर असताना मागे वळायचं नाही.

दुसऱ्या बाजूला डॉक्टर वहिनी आणि काकांची पुतणी, ती तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्यांना फील्ड्स आवडायचा. पण त्याहून महत्त्वाचं, पुतणीचा एक प्रश्न होता: "काका, फील्ड्स वाईट होता की त्याला उभं राहायला वेळच मिळत नव्हता? आणि वेळ मिळत नसेल तर नव्या मुलाला तो कुठून मिळणार?"

या प्रश्नाला त्या वेळी कोणी उत्तर दिलं नाही. उत्साहाच्या भरात तो मागे पडला. अडचणीचं मूळ तिथेच आहे, म्हणून मी तो इथे मुद्दाम नोंदवते.

समोरचे पर्याय

संघापुढे तीन रस्ते होते आणि तिन्हींच्या बाजूने बोलण्यासारखं काही ना काही होतं.

फील्ड्सला ठेवायचं आणि पहिली निवड विकायची, हा एक. त्यातून लाइनमन, बचावातले खेळाडू, पुढच्या वर्षांच्या निवडी असं बरंच मिळालं असतं. पण फील्ड्सच्या कराराची चार वर्षं संपत आली होती आणि पाचव्या वर्षाचा पर्याय वापरायचा की नाही हे मे महिन्यात ठरवावं लागणार होतं. तो वापरला असता तर एका वर्षासाठी अडीच कोटी डॉलरहून जास्त बांधले गेले असते.

दुसरा रस्ता विल्यम्सला घेऊन फील्ड्सला सोडण्याचा. इथे पैशाचं गणित फार बोलकं आहे. २०२४ साठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर साधारण २५ कोटी ५४ लाख डॉलरची मर्यादा होती. नावाजलेला क्वार्टरबॅक एका वर्षालाच ५ कोटींच्या वर घेतो. विल्यम्सचा करार चार वर्षांचा मिळून सुमारे ३ कोटी ९५ लाखांचा. म्हणजे चार वर्षं उरलेल्या संघावर सढळ हाताने खर्च करता येतो. हिशेब सांभाळणाऱ्या भाऊंना हा मुद्दा पहिल्या दिवसापासून पटला होता आणि तो बरोबरच होता. पुढे हा वाचलेला पैसा कुठे जातो याकडे लक्ष ठेवायला मात्र आम्ही विसरलो.

तिसरा रस्ता विल्यम्सला घ्यायचं, पण खेळवायची घाई करायची नाही. माहोम्सने कॅन्सस सिटीत पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण बाकावर बसून काढलं, ग्रीन बेच्या जॉर्डन लव्हने तीन वर्षं वाट पाहिली. शिकागोत हा पर्याय कोणी गंभीरपणे मांडलाच नाही. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की निदान लाइन उभी राहीपर्यंत तो टेबलावर असायला हवा होता.

या तिन्ही रस्त्यांच्या आड आणखी एक निर्णय लपला होता: हेड कोच मॅट एबरफ्लूस यांना ठेवायचं का? ते बचावाचे जाणकार. त्यांच्या पहिल्या वर्षी संघ ३ सामने जिंकला होता, दुसऱ्या वर्षी ७. जानेवारी २०२४ मध्ये आक्रमणाची बाजू सांभाळणारे ल्यूक गेट्सी यांना काढलं, पण एबरफ्लूस यांना ठेवलं. त्यांच्या हाताखाली सिअॅटलहून शेन वॉल्ड्रन आले. वर्षभरात काही बिनसलं तर जाणारा पहिला माणूस कोण असेल हे उघड होतं. फॉक्स, नॅगी आणि आता एबरफ्लूस, तीच रचना तिसऱ्यांदा उभी राहत होती.

संघाने काय केलं, आम्ही काय केलं

१६ मार्चला फील्ड्स पिट्सबर्गला गेला. बदल्यात मिळाली पुढच्या वर्षीची सहाव्या फेरीतली एक निवड, तीही अटींवर वर चढू शकणारी. वहिनींना हे फार लागलं. "तीन वर्षं पोरगा मार खात उभा राहिला, त्याची ही किंमत?" असं त्या म्हणाल्या.

खरेदी त्याआधीच सुरू झाली होती. चार्जर्सकडून कीनन अॅलन आला. धावणारा डी'आंड्रे स्विफ्ट आला, तीन वर्षांसाठी २ कोटी ४० लाखांवर. २५ एप्रिलला डेट्रॉइटमधल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर विल्यम्स आणि नवव्या क्रमांकावर रोम ओडुन्झे हा रिसीव्हर. मूर, अॅलन, ओडुन्झे असे तीन झेलणारे एका संघात, हे पाहून शिकागोतल्या कोणालाही हुरूप येणं साहजिक होतं.

लाइनवर काय आलं? मधला खेळाडू म्हणून रॅम्सकडून कोलमन शेल्टन, मदतीला बफेलोचा रायन बेट्स. ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत येल विद्यापीठाचा कायरन अमेगाजी, जो आमच्याच बाजूच्या हिन्सडेलचा मुलगा. चौथ्या फेरीत संघाने पंटर घेतला, म्हणजे आक्रमण अडल्यावर चेंडू लाथेने लांब उडवणारा. टोरी टेलर आपल्या कामात उत्तम आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण लाइनची डागडुजी अपुरी असताना चौथ्या फेरीत पंटर, हा निर्णय मला पटला नव्हता.

आम्ही काय केलं? भाऊंनी ड्राफ्टच्या रात्रीच १८ नंबरच्या जर्सी मागवल्या. ऑगस्टमध्ये गटातल्या प्रत्येकाने किती सामने जिंकू याचा आकडा लिहून दिला. सर्वांत कमी आकडा पुतणीचा, ८. काकांचा १२. बाकीचे मधे.

ते आकडे कशावरून आले हे नंतर आम्ही तपासलं. प्रत्येकाने विल्यम्स, मूर, अॅलन आणि ओडुन्झे ही नावं धरली होती. डावा टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा खेळाडू, ब्रॅक्स्टन जोन्स जखमी झाला तर पर्यायी कोण, याचा विचार पुतणीने सोडून कोणीही केला नव्हता.

हंगाम

सुरुवात आमच्या बाजूने झाली. सोल्जर फील्डवरचे पहिले तिन्ही सामने संघ जिंकला: टायटन्स, रॅम्स, पँथर्स. लंडनमध्ये जॅग्वार्सना ३५-१६ ने हरवलं, विल्यम्सचे त्या दिवशी चार टचडाउन पास, म्हणजे गोलरेषेपलीकडे झेलले गेलेले. हिशेब ४ विजय, २ पराभव. काकांनी जानेवारीतल्या प्लेऑफसाठी, म्हणजे बाद फेरीसाठी, रजेचा विषय काढला.

याच सहा सामन्यांत इशारे होते. टायटन्सविरुद्ध जिंकलो तेव्हा आक्रमणाचा एकही टचडाउन नव्हता, विल्यम्सचे सगळे मिळून ९३ यार्ड. ह्यूस्टनमध्ये तो सात वेळा सॅक झाला, म्हणजे पास सुटायच्या आत प्रतिस्पर्ध्याने त्याला जमिनीवर आणलं. विजयांनी हे झाकून टाकलं.

२७ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये शेवटच्या क्षणी सामना निसटला. बेअर्स १५-१२ ने पुढे, घड्याळात एका खेळापुरता वेळ. जेडन डॅनियल्स, ड्राफ्टमध्ये विल्यम्सच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर गेलेला, त्याने चेंडू उंच फेकला. त्याच वेळी बेअर्सचा टायरीक स्टीव्हन्सन प्रेक्षकांकडे वळून हातवारे करत होता. तो धावत पोहोचला, चेंडूला हात लागला, चेंडू मागे उडाला आणि नोआ ब्राउनने गोलरेषेपलीकडे झेलला. ५२ यार्डांचा टचडाउन. १८-१५. त्या पराभवाबद्दल सगळे स्टीव्हन्सनला बोलले, पण मला त्याआधीचा एक क्षण जास्त सलतो. गोलरेषेपासून एक यार्डावर असताना संघाने चेंडू डग क्रेमर या राखीव लाइनमनच्या हातात द्यायचा ठरवला आणि तो त्याच्या हातून निसटला. हातात पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक आणि २ कोटी ४० लाखांचा धावपटू असताना हा खेळ कोणी सुचवला, आणि कोणी मान्य केला?

पुढच्या आठवड्यात अॅरिझोनात २९-९ ने हरलो. आणि मग १० नोव्हेंबर, न्यू इंग्लंड पेट्रियट्स, घरच्या मैदानावर.

त्या दिवशी तिकिटांची पाळी पुतणीची आणि माझी होती. आमच्या जागा वरच्या मजल्यावर, गोलच्या मागे. तिथून चेंडू कुठे जातो हे नीट कळत नाही, पण लाइन कशी फुटते ते स्पष्ट दिसतं. बेअर्सचे नेहमीचे दोन्ही टॅकल जखमी होते. पुतणीने मला सांगितलं, "मावशी, चेंडू बघू नकोस. डाव्या टोकाचा माणूस बघ आणि मनात मोज." स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू झाला, की मी मोजायला लागायचे. एक, दोन, आणि तिसऱ्याला बहुतेक वेळा कोणीतरी आत शिरलेलं असायचं. विल्यम्स उजवीकडे पळायचा, मागे वळायचा, पुन्हा पळायचा. काही वेळा त्याने चेंडू फार वेळ हातात ठेवला, जवळचा मोकळा माणूस सोडून दूरच्याची वाट पाहिली. हेही आम्ही दोघींनी मोजलं. पण कितीतरी वेळा त्याच्या हातात काही उरलेलंच नव्हतं. नऊ सॅक झाले. १९-३ ने हरलो. आजूबाजूचे लोक विल्यम्सला ओरडत होते.

घरी पोहोचेपर्यंत गटात भाऊंचा संदेश आला होता: त्याला बसवा, राखीव क्वार्टरबॅक बॅजंटला खेळवा. काकांनी लिहिलं की पुन्हा एकदा चुकीचा क्वार्टरबॅक घेतला. वहिनींनी फील्ड्सचा फोटो टाकला. पुतणीने उत्तर दिलं नाही. पुढचे पंधरा दिवस ती गटात काही बोलली नाही आणि थँक्सगिव्हिंगला येणार नाही असं तिने कळवलं.

निर्णयाचे तीन क्षण

पहिला संघाचा. पेट्रियट्सच्या सामन्यानंतर दोन दिवसांत वॉल्ड्रन यांना काढून थॉमस ब्राउन यांच्याकडे आक्रमण दिलं. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ब्राउन यांनी पास लवकर सुटतील असे खेळ आखले आणि पुढच्या तीन सामन्यांत विल्यम्स बराच वेगळा दिसला. ग्रीन बेविरुद्ध २०-१९ ने हरलो, शेवटच्या क्षणाचा फील्ड गोल, म्हणजे लाथेने गोलच्या खांबांमधून चेंडू मारण्याचा प्रयत्न, अडवला गेला. मिनेसोटाविरुद्ध विल्यम्सने ३४० यार्ड टाकले, संघ शेवटच्या अर्ध्या मिनिटात ११ गुणांची पिछाडी भरून काढत जादा वेळेत गेला आणि ३०-२७ ने हरला. मुलगा तोच, लाइन जवळपास तीच, फक्त त्याला काय करायला सांगितलं जातंय ते बदललं होतं.

दुसरा क्षण थँक्सगिव्हिंगचा, २८ नोव्हेंबर, डेट्रॉइट. पुतणी अखेर आली होती, वहिनींनी स्वतः फोन करून बोलावलं म्हणून. मध्यंतराला ०-१६. मग विल्यम्सचे तीन टचडाउन पास आणि २०-२३. शेवटच्या मिनिटाला बेअर्स फील्ड गोलच्या टप्प्यात आले. तेवढ्यात सॅक. घड्याळात अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ, हातात एक टाइमआउट. एबरफ्लूस यांनी तो घेतला नाही. खेळाडू धावत परत जागेवर आले, विल्यम्सने हातवारे करत सगळ्यांना उभं केलं, चेंडू सुटला तेव्हा जेमतेम सहा सेकंद होते. पास रिकामा गेला आणि वेळ संपली. काका टीव्हीसमोर उभे राहून म्हणाले, "अरे, टाइमआउट घे ना!" आणि मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एबरफ्लूस यांना काढलं. बेअर्सच्या इतिहासात हंगाम चालू असताना हेड कोचला काढण्याची ती पहिलीच वेळ.

त्या संध्याकाळी प्रथमच काकांनी पुतणीला विचारलं, तुझ्या वहीत काय आहे ते दाखव. ती प्रत्येक सामन्याला लाइनच्या पाच जागांवर कोण खेळलं, कोण मधेच बाहेर गेलं, हे लिहीत होती. पानं उलटताना दिसत होतं की तेच पाच जण सलग फारसे खेळलेच नव्हते. उजवा गार्ड नेट डेव्हिस तर हंगामाच्या मध्यातच संघाने सोडून दिला होता. काकांनी वही दोनदा पाहिली. ऑगस्टमधला आकडा आपण नुसती नावं बघून लिहिला होता, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले.

तिसरा क्षण आमचा. पराभवांची रांग दहावर गेली. सोल्जर फील्डवरचे शेवटचे पाचही सामने हरलो. ५ जानेवारी २०२५ ला ग्रीन बेमध्ये कायरो सँटोसच्या ५१ यार्डांच्या किकवर २४-२२ ने जिंकलो आणि हंगाम ५ विजय, १२ पराभवांवर संपला. आता पुढच्या वर्षीचे पैसे भरायचे होते. भाऊ म्हणाले, सोडून द्या. वहिनी तटस्थ. पुतणीला मताचा अधिकार नव्हता, कारण पैसे काका भरतात, पण तिने एक सूचना केली: आत्ता ठरवू नका, मार्चमध्ये संघ लाइनवर काय करतो ते बघून ठरवा. ती सगळ्यांनी मान्य केली. संपूर्ण वर्षात आमच्या गटाने घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय मला हाच वाटतो, कारण पहिल्यांदाच आम्ही आशेला एक अट घातली आणि ती तपासता येईल अशी होती.

परिणाम

विल्यम्सच्या पहिल्या वर्षाचे आकडे शांतपणे वाचले तर ते वाईट नाहीत. ३,५४१ यार्ड, २० टचडाउन, ६ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास. बेअर्सच्या कोणत्याही नवख्या क्वार्टरबॅकने इतके यार्ड टाकले नव्हते. मधे सलग ३५३ पास एकही प्रतिस्पर्ध्याच्या हातात न जाता टाकले, नवख्या खेळाडूंमध्ये तो विक्रम आहे. आणि याच्या शेजारचा आकडा: ६८ सॅक. एका हंगामातला विक्रम डेव्हिड कारच्या नावावर आहे, २००२ मध्ये ७६. कारची पुढची कारकीर्द कशी कुंठत गेली हे ज्यांना आठवतं त्यांना ६८ या आकड्याची भीती कळेल. डॉक्टर वहिनींना ती सर्वांत आधी कळली होती. त्या म्हणायच्या, हा मुलगा सतराच्या सतरा सामने उभा राहिला हीच बातमी आहे.

त्याच वर्षी वॉशिंग्टन डॅनियल्सला घेऊन १२ सामने जिंकलं आणि कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या एक पायरी आधीपर्यंत, गेलं. शिकागोत सगळे म्हणाले, चुकीचा मुलगा घेतला. पण वॉशिंग्टनने त्याच वर्षी मालकांच्या पसंतीचा नवा कोच आणला होता, डॅन क्विन, आणि आक्रमणाला क्लिफ किंग्जबरी. हेच किंग्जबरी २०२३ मध्ये यूएससीत विल्यम्ससोबत होते. तिथे क्वार्टरबॅक आणि कोच एकाच वर्षी, एकाच हेतूने आले.

जानेवारी २०२५ मध्ये बेअर्सनी डेट्रॉइटच्या आक्रमणाचे सूत्रधार बेन जॉन्सन यांना हेड कोच केलं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात कॅन्सस सिटीकडून जो थूनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन आणि अटलांटाचा ड्रू डालमन आले. लाइनच्या मधल्या तिन्ही जागा नव्या. आमची अट पूर्ण झाली. तीन घरांनी पैसे भरले, भाऊंनी आपला वाटा सोडला. त्यात कोणी कोणावर रागावलं नाही, त्यांची मुलगी त्या वर्षी कॉलेजला जाणार होती आणि खर्चाचं कारण खरं होतं.

२०२५ चा हंगाम दोन पराभवांनी सुरू झाला, त्यातला दुसरा डेट्रॉइटमध्ये २१-५२ असा. मागच्या वर्षी एवढ्यावर गट फुटला असता. या वेळी काकांनी एवढंच विचारलं, लाइनवर तेच पाच आहेत ना? संघ ११-६ वर पोहोचला, विभाग जिंकला, प्लेऑफमध्ये ग्रीन बेला हरवलं आणि पुढच्या फेरीत रॅम्सकडून जादा वेळेत हरला. विल्यम्स सॅक झाला तो २०२४ च्या निम्म्याहूनही कमी वेळा. एरिक क्रेमरचा तीस वर्षं जुना विक्रम त्याने मोडला, ३,९४२ यार्ड टाकून. चार हजारांना अजून ५८ कमी.

काय वेगळं करता आलं असतं

संघाच्या बाजूने माझं मत ठाम आहे. कोचचा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये व्हायला हवा होता, नोव्हेंबरमध्ये नाही. पहिल्या क्रमांकाची निवड हातात आहे हे माहीत असताना, त्या मुलाला निदान तीन वर्षं सांभाळेल असा माणूस आधी आणायचा होता. एबरफ्लूस यांच्या बाजूने एक गोष्ट बोलता येते: २०२३ च्या शेवटच्या आठ सामन्यांत संघ पाच जिंकला होता आणि बचाव खरोखर सुधारला होता. त्या जोरावर त्यांना आणखी एक वर्ष देणं अन्यायाचं नव्हतं. पण ते वर्ष नवख्या क्वार्टरबॅकच्या पहिल्या वर्षाला जोडायला नको होतं.

लाइनबद्दल थोडी सबुरी बाळगायला हवी. मार्च २०२४ मध्ये थूनी किंवा डालमनसारखा खेळाडू मिळण्याजोगा होताच असं नाही. तरीही नवव्या क्रमांकावर ओडुन्झेऐवजी लाइनमन घेण्याचा किंवा निदान चौथी फेरी लाइनवर खर्च करण्याचा पर्याय होता. ओडुन्झे चांगला खेळाडू आहे, म्हणूनच हा निर्णय अवघड होता आणि म्हणूनच त्यावर वाद व्हायला हवा होता. झाला नाही.

चाहत्यांच्या बाजूने, म्हणजे आमच्या, मला दोन गोष्टी बदलाव्याशा वाटतात. ऑगस्टमध्ये विजयांचा आकडा लिहून घेण्याऐवजी त्याची कारणं लिहून घ्यायला हवी होती. आकडा चुकला की माणूस चिडतो, पण लिहिलेलं कारण चुकलं की निदान कळतं काय चुकलं. आणि मार्चमध्ये पुतणीने विचारलेल्या प्रश्नावर थांबायला हवं होतं. ती वयाने लहान, त्यात फील्ड्सच्या बाजूची, म्हणून तिचा प्रश्न फील्ड्सची वकिली समजला गेला. तो विल्यम्सच्या भल्याचा प्रश्न होता.

२०२६ च्या हंगामासाठी तिकिटांचा चौथा वाटा पुतणीने मागितला आहे. तिला आता नोकरी लागली आहे. काकांची अट एकच: वही गटात सगळ्यांना पाहायला मिळाली पाहिजे, आणि बचावाच्या पुढच्या चार जागांसाठी वेगळं पान हवं, कारण २०२५ मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकवर आपल्याकडून पुरेसा दबाव आला नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. भाऊंनी तिकीट सोडलं असलं तरी या वादात ते रोज असतात, आणि त्यांच्या मते आधी डावा टॅकल पक्का करायला हवा.